मशीनला मोटर बसवली आणि पाय थांबले: बैठ्या कामात मेटाबॉलिझम कसा वाढवायचा

माप द्यायला आलेली बाई टेप कमरेभोवती गेली की श्वास आत ओढून धरते. मी दर वेळी सांगते, "सोडा श्वास, नाहीतर कपडा घट्ट होईल." श्वास सुटतो आणि त्याच्याबरोबर ठरलेलं वाक्य येतं, "काय करू काकू, खाते तेवढंच, पण माझा मेटाबॉलिझमच स्लो आहे." साताऱ्यात राजवाड्याजवळ माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे, त्याला बावीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. आता कॉलेजच्या मुलीपासून साठीच्या मावशीपर्यंत सगळ्या तो म्हणतात. मीही म्हणायचे. गेली चार वर्षं या विषयावर मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं, स्वतःवर करून पाहिलं. त्यातलं जे उपयोगी पडलं ते लिहिते आहे. माझं वय ४८, उंची १५३ सेंटीमीटर, वजन आज ६४ किलो. एके काळी ७३ होतं.

मापाच्या वहीत पहिलं पान माझं स्वतःचं आहे. दर दिवाळीला मी माझं माप नव्याने घेते आणि तारीख टाकते. एक दिवस ते पान नीट वाचलं तेव्हा दिसलं, की २०१४ पर्यंत कंबर ३१ आणि ३२ च्या मध्ये हलत होती. त्यानंतरच्या दोन वर्षांत ती ३६ वर गेली. २०१४ च्या दिवाळीआधी मी मशीनला मोटर बसवली होती.

त्याआधी रोजचे सात-आठ तास माझे दोन्ही पाय पायडलवर असायचे. टाच, चवडा, टाच, चवडा. परकराचा घेर शिवायचा तर पोटऱ्या भरून यायच्या. मोटर आल्यावर उजव्या पायाच्या चवड्याने जरासा दाब दिला की सुई पळते, बाकीचं अंग जागच्या जागी. काम दुप्पट व्हायला लागलं म्हणून मी खूश होते. त्याच दोन वर्षांत घरात स्कूटर आली, मुलाला शाळेत चालत सोडायचं बंद झालं, मंडईत जाणं कमी झालं कारण भाजीवाला दारात यायला लागला. ताटातलं खाणं होतं तेवढंच होतं. त्यामुळे "खाते तेवढंच" हे बायकांचं म्हणणं खोटं नसतं, हे मला पटलेलं आहे. बदल खर्चाच्या बाजूला झालेला असतो आणि तो आपल्या लक्षात येत नाही.

मेटाबॉलिझम म्हणजे चयापचय. खाल्लेल्या अन्नातून शरीर ऊर्जा काढतं, ती वापरतं, त्यातून नव्या पेशी घडवतं, या सगळ्या उलाढालीचं ते नाव. दिवसभराची ऊर्जा तीन ठिकाणी जाते. सर्वांत मोठा वाटा, साधारण ६० ते ७० टक्के, नुसतं जिवंत राहण्यात जातो: हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालवणं, अंग गरम ठेवणं. दहा टक्के अन्न पचवण्यात. उरलेला सगळा हालचालीत. पहिला वाटा किती, हे घरच्या घरी काढता येतं. वजन किलोमध्ये घेऊन त्याला १० ने गुणा. उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा. दोन्हींची बेरीज करून त्यातून वयाची पाचपट वजा करा. नंतर बाईचं गणित असेल तर आणखी १६१ वजा करायचे, पुरुषाचं असेल तर ५ मिळवायचे. माझा आकडा येतो ११९५ कॅलरी. दिवसभर बसून काम असेल तर या आकड्याला १.२ ने गुणतात, थोडं हिंडणं-फिरणं आणि हलका व्यायाम असेल तर १.३७५ ने. म्हणजे बसून राहिले तर माझा दिवसाचा खर्च १४३४, हलती राहिले तर १६४३. हा अंदाजच आहे, पण फरक बघा: दोनशेच्या वर कॅलरी, म्हणजे ज्वारीची एक अख्खी भाकरी. रोजची.

वयाचं म्हणाल तर मीही "चाळिशी आली, आता असंच" हे धरून चालले होते. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांचा मोठा अभ्यास आला. २९ देशांतल्या सहा हजार चारशेहून अधिक लोकांचा, तान्ह्या बाळांपासून पंचाण्णव वर्षांच्या आजीआजोबांपर्यंतचा ऊर्जेचा खर्च त्यात मोजला होता. शरीराचं आकारमान आणि त्यातलं चरबीचं प्रमाण हिशेबात घेतल्यावर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत मेटाबॉलिझम जवळपास तोच राहतो, साठीनंतर वर्षाला एका टक्क्याहूनही कमी वेगाने तो उतरतो, असं त्यात आढळलं. पाळी जाण्याच्या वयात चरबी कमरेकडे आणि पोटाकडे सरकते हे खरं आहे, माझ्या वहीत पानोपानी ते दिसतं. पण चाळिशीत आतली भट्टीच विझली, असं नसतं. वयाबरोबर जातात ते स्नायू, आणि तेही न वापरल्याने जास्त जातात. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के.

आधी माझी चूक सांगते, कारण ती अजूनही दर महिन्याला कोणी ना कोणी करताना दिसते.

२०१८ साली वजन ७१ होतं. ओळखीतल्या एका बाईंनी पावडरचे डबे दिले. सकाळी एक ग्लास, रात्री एक ग्लास, दुपारी फक्त काकडी-टोमॅटो आणि एक फुलका. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. आजूबाजूच्या बायका थांबवून विचारायच्या. पण मला एप्रिलमध्ये थंडी वाजायची. न्हाताना मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका जमायचा. पाळी पुढे-मागे झाली. सुईत दोरा ओवताना हात थरथरायचे. डबे बंद केल्यावर आठ महिन्यांत मी ७३ वर होते, आणि आता मी आधीपेक्षा कमी खात होते तरी.

असं का झालं हे मला नंतर एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचताना कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं हे शिकण्यासाठी ते स्वेच्छेने आले होते. त्यांना दिवसाला साधारण १५७० कॅलरी मिळत. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं, पण विश्रांतीच्या वेळचा ऊर्जेचा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी खाली आला. त्यांना थंडी वाजायची, अंगात त्राण नसायचं, डोक्यात सतत अन्नाचे विचार असायचे. पंधराशे सत्तर! माझं ते पावडरचं खाणं आठशेच्याही पुढे जात नव्हतं. शरीराला दुष्काळ पडल्यासारखं वाटलं की ते खर्च आवरतं आणि स्नायूही मोडून खातं. माझे नऊ किलो गेले त्यात चरबीबरोबर मांसही गेलं, आणि परत आली ती बहुतेक चरबी. म्हणून मेटाबॉलिझम वाढवायचा तर उपाशी राहायचं नाही. वजन उतरवायचंच असेल तर रोजच्या गरजेतून तीनशे-चारशे कॅलरी कमी करा, तेवढं पुरे. महिन्याला एक-दीड किलोच्या वर उतरण्याची घाई करू नका.

रक्ताची तपासणी आधी

डबे सोडल्यावर मी शेवटी डॉक्टरांकडे गेले, ते आधीच जायला हवं होतं. थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन आणि साखर, एवढ्या तपासण्या तरी आधी करून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल तर मेटाबॉलिझम खरोखरच मंद होतो, आणि त्याला व्यायाम हे उत्तर नाही, गोळी लागते. ती गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या-पाऊण तासाने. माझ्या दुकानात येणाऱ्या निम्म्या जणी गोळीवरच चहा पितात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

माझा थायरॉइड नीट होता. हिमोग्लोबिन निघालं ९.२. बाईचं ते १२ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात. जिन्याच्या बारा पायऱ्या चढून धाप लागायची, ती मी वजनामुळे समजत होते. ज्या अंगात प्राणवायू पोचत नाही ते अंग हलणार कसं? डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. जेवणावर लगेच चहा प्यायचं मी सोडलं, कारण चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळायला लागले, त्याने लोह जास्त शोषलं जातं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४ झालं आणि मग मी व्यायामाला हात घातला.

ताटात प्रथिनं कुठे आहेत ते बघा

अन्न पचवायलाही ऊर्जा लागते आणि ती प्रत्येक अन्नाला सारखी लागत नाही. प्रथिनांतून शंभर कॅलरी खाल्ल्या तर त्यातल्या २० ते ३० पचवण्यातच जातात. भात-पोळीसारख्या पिष्टाच्या शंभरातल्या ५ ते १० जातात, तेला-तुपाच्या जेमतेम ३. शिवाय प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि स्नायू त्यांच्यापासूनच बनतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझ्या ६४ किलोंना ५३ ग्रॅम.

मी आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं. सकाळी चहा-खारी, अकराला पोहे, दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण, पाचला चहा-बिस्कीट, रात्री भात-आमटी. सगळं मिळून प्रथिनं ३० ग्रॅमच्या आसपास. पोट भरलेलं असायचं, पण स्नायूंच्या वाट्याला काही येत नव्हतं.

आता असं खाते. सकाळी साडेआठला एक भाकरी आणि दोन अंडी, बुर्जी किंवा उकडून. भाकरीचे ६ आणि अंड्यांचे १२, झाले १८ ग्रॅम. अंडं चालत नसेल तर मुगाच्या डाळीची धिरडी करा, मोठी दोन, साधारण ६० ग्रॅम डाळीची, तिथे १४ मिळतात. दुपारी दोन भाकऱ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि ताक. चाळीस ग्रॅम कोरडी मटकी भिजवून मोड आणली की भरपूर वाटीभर उसळ होते, त्यात ८ ग्रॅम. भाकऱ्यांचे १२, ताकाचे २, म्हणजे दुपारचे २२. संध्याकाळी मूठभर फुटाणे, ६. रात्री पिठलं-भाकरी, १४. एकूण ६०. यात विकतचा डबा कुठेही नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नयेत.

आपल्या जिल्ह्यात तर कशाची कमतरता नाही. कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याची आमटी आठवड्यातून एकदा माझ्याकडे असतेच. माण-खटावकडचे हुलगे आणते. हुलगे भाजून भरडून ठेवले की माडगं दहा मिनिटांत होतं: ताकात दोन चमचे पीठ कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी आणि मीठ. पावसाळ्यात रात्री मी आणि हे दोघंही वाडगाभर माडगं आणि अर्धी-अर्धी भाकरी खाऊन उठतो. हुलगे, मटकी, हरभरा, शेंगदाणा, सगळ्यांत शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅमच्या पुढेमागे प्रथिनं असतात. माझ्या आजेसासूबाई कोरड्या दुष्काळात हुलग्यांवर शेतात राबल्या. ते गरिबाचं अन्न म्हणून आपण टाकून दिलं, याचं मला फार वाईट वाटतं.

उपासाचं बोलायलाच हवं. संकष्टी, एकादशी, सोमवार, नवरात्र धरलं तर काही जणींचे महिन्यात सहा-सात दिवस साबुदाण्यावर जातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाही नाहीत, आणि वर तूप-बटाटा. उपास मी सोडलेला नाही. त्या दिवशी वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी आणि घट्ट दही खाते, संध्याकाळी राजगिऱ्याची लाही दुधात. दुसऱ्या दिवशी हात-पाय गळत नाहीत.

आणि कंदी पेढा? खाते. साताऱ्यात राहून तो सोडायचा, हे मला जमणारही नाही आणि गरजेचंही नाही. रविवारी एक.

बैठका, पण स्टुलावर

आमच्या जिल्ह्याला तालमीची परंपरा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जोर-बैठका हा शब्द आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे, पण तो पुरुषांचा आणि पैलवानांचा समजून बायकांनी कधी उचलला नाही. चालणं चांगलंच, पण स्नायू टिकवायचे तर त्यांच्यावर वजन पडायला हवं. नुसत्या चालण्याने ते होत नाही.

मी माझ्या मशीनच्या लाकडी स्टुलावर सुरुवात केली. स्टूल भिंतीला टेकवून ठेवायचं म्हणजे सरकत नाही. त्याच्यापुढे पाठ करून उभं राहायचं, पायांत खांद्याएवढं अंतर, टाचा जमिनीला घट्ट, पंजे किंचित बाहेर. हात छातीवर. आधी बूड मागे न्यायचं, मग गुडघे वाकवायचे, आणि मनात एक-दोन-तीन मोजत खाली यायचं. धपकन बसायचं नाही. बूड स्टुलाला लागलं न लागलं की टाचांवर जोर देऊन वर. खाली येताना श्वास आत, उठताना बाहेर. गुडघे एकमेकांकडे वळायला लागले तर समजा की मांडी दमली, तिथेच थांबा. पहिल्या दिवशी माझ्या चार झाल्या, पाचवीला मी स्टुलावर बसूनच राहिले. मग एक युक्ती केली: स्टुलावर कापडाचं गाठोडं ठेवलं, चांगलं सहा इंच उंच. बैठक उथळ झाली, गुडघ्याला झेपली, दहा झाल्या. दर आठवड्याला गाठोड्यातला एकेक कपडा कमी करत गेले. अडीच महिन्यांनी स्टूल उघडं होतं. आता पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन पाण्याने भरून छातीशी धरते, तो बरोबर पाच किलोंचा होतो, आणि पंधरा-पंधराचे तीन फेरे करते.

जोर मी ओट्यावर काढते. ओट्याच्या कडेला तळवे टेकवून दोन पावलं मागे, अंग टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ, छाती ओट्याकडे न्यायची आणि ढकलून परत. हे जड जात असेल तर भिंतीवर. पाठीसाठी तोच पाण्याचा कॅन: एक हात स्टुलावर टेकून पुढे वाकायचं, दुसऱ्या हाताने कॅन बगलेपर्यंत ओढायचा, कोपर मागे. शिवणाऱ्या, टाइप करणाऱ्या, वाकून बसणाऱ्या सगळ्यांना याने मानेलाही आराम पडतो. शेवटी पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलून पाच आकडे धरायची, बारा वेळा. सगळ्याला मिळून पंचवीस मिनिटं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधला दिवस रिकामा ठेवायचाच, कारण स्नायू भरून येतात ते विश्रांतीत. शेवटचे दोन-तीन आकडे जड गेले नाहीत, तर वजन वाढवायची वेळ झाली.

याबाबतीत एक गोष्ट खरी खरी सांगायला हवी. एक किलो स्नायू नुसता पडून राहिला तर दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतो, चरबीचा एक किलो साडेचार. म्हणजे दोन किलो स्नायू कमावले तरी बसल्या जागी फार मोठा फरक पडत नाही. "स्नायू वाढवा आणि झोपेत चरबी जाळा" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. फायदा वेगळा आहे: मांड्यांत बळ आलं की माणूस आपोआप जास्त हलतो. जिना टाळत नाही, खाली बसून भाजी निवडतो, सिलिंडर सरकवतो. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू उचलतात, त्यामुळे ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी तर बैठका सोडूच नयेत. माझ्या आईला मधुमेह होता.

चढ आणि उठबस

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. माझं चालणं सकाळी 'चार भिंती' या गावातल्या स्मारकापर्यंत, आणि रविवारी शेजारच्या वहिनींबरोबर अजिंक्यतारा गड. पहिल्या रविवारी गडाच्या डांबरी रस्त्यावर आम्ही सहा वेळा थांबलो. वहिनी म्हणाल्या, "अहो, इथूनच नमस्कार करू मंगळाईला, तिला पोचतो." दोन रविवार इथूनच नमस्कार झाला, तिसऱ्याला देवळात जाऊन. वेग किती असावा हे ओळखायला यंत्र लागत नाही: बोलता यावं, पण गाता येऊ नये. चढावर आम्ही मराठी शाळेतल्या कविता म्हणून बघायचो, चाल सुटली की वेग बरोबर.

त्याहूनही जास्त मी जपते ती दिवसभरातली उठबस. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी सोळा जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कोणाच्या अंगावर अर्धा किलोही चरबी चढली नाही, कोणाच्या अंगावर चार किलोंहून जास्त. ज्यांची वाढली नाही, ते नकळत जास्त उठत-बसत, येरझारा घालत होते. मुद्दाम केलेला व्यायाम सगळ्यांचा एकसारखा आणि कमीच ठेवला होता. हे वाचलं आणि मला माझं पायडल आठवलं.

मग मी दुकानाची मांडणीच बदलली. कात्री चालवायचं टेबल विटा लावून कमरेएवढं उंच केलं, कापणी आता उभ्याने. इस्त्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पाण्याचा माठ दाराशी आणि तांब्या लहान, म्हणजे वारंवार उठावं लागतं. एक ब्लाउज संपला की उठायचं, काजाला बसण्याआधी वीस वेळा टाचा उचलायच्या. दुपारी जेवल्यावर लगेच मशीनवर न बसता मोती चौकापर्यंत दहा मिनिटं चालून येते, त्याने साखरही कमी चढते आणि डोळेही मिटत नाहीत. ज्यांची कामं ऑफिसात आहेत त्यांनी फोन आला की उभं राहायचं, एवढ्याने सुरुवात करावी.

गरम पाण्यात मध-लिंबू, जिऱ्याचं पाणी, ग्रीन टी, दालचिनी यांच्याविषयी रोज विचारतात. आवडत असेल तर प्या. ग्रीन टी आणि कॉफीतल्या कॅफिनने खर्च थोडा वेळ थोडासा वाढतो, त्यावर वजन उतरत नाही. मोठा चमचाभर मधात ६० कॅलरी असतात, तेही लक्षात ठेवा. माठातलं अर्धा लिटर गार पाणी अंगाइतकं कोमट व्हायला शरीराच्या आठ-नऊ कॅलरी जातात, एवढंच. दर दोन तासांनी थोडं थोडं खाल्ल्याने भट्टी पेटती राहते हेही खरं नाही. पचनाचा खर्च एकूण खाण्यावर ठरतो, ते कितीदा खाल्लं यावर नाही.

झोपेचं मात्र मी हलकं घेत नाही. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन चालायची. त्या महिन्यांत दुसऱ्या दिवशी दर तासाला काहीतरी गोड लागायचं, कारण झोप कमी झाली की भूक वाढते. आता मी जेवढं साडेदहापर्यंत होईल तेवढंच काम घेते. थोडी गिऱ्हाइकं गेली. जाऊ दिली.

वजनकाट्यापेक्षा माझा विश्वास टेपवर आहे. काटा पाणी, मांस, चरबी सगळं एकत्र मोजतो. टेप कुठे लावायची ते सांगते, कारण बहुतेक जणी परकराची नाडी असते तिथे लावतात. हाताने शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेच्या हाडाचं वरचं टोक, आणि त्या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरा. जमिनीशी समांतर, कातडीला टेकलेली, आवळलेली नाही. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी, म्हणजे साडेएकतीस इंच. पुरुषाची ९० च्या आत. महिन्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, त्याच जागी. माझ्या पानावर ३८ होतं, चौदा महिन्यांनी ३४ झालं, आता साडेतेहेतीस आहे.

मशीनखालचं जुनं पायडल मी कधी काढलं नव्हतं, नुसतं चाक थांबलं होतं. गेल्या दसऱ्याला नवा चामडी पट्टा आणून बसवला. अस्तराचं बारीक काम अजून मोटरवरच होतं. पण दुपारी तीनच्या सुमाराला, डोळे जड होतात त्या वेळी, मी पट्टा चढवते आणि सरळ शिवणी घेते: उशांचे अभ्रे, परकराचे घेर. अर्धा तास. टाच, चवडा, टाच, चवडा.